फुगडीचा धडा

दोरीला बांधलेला पाण्याचा तांब्या शैलजाबाईंनी गरगर फिरवून दाखवला. थेंबही सांडला नाही, पण का सांडला नाही ते तिसरीच्या पोरांना काही कळेना. शेवटी त्यांनी तांब्या खाली ठेवला. "चला, फुगडी घालून बघू. कोण येतंय?"

जुई पुढे आली. बाईंच्या धाकट्या जावेची, कुंदाची मुलगी. घरात चुली वेगळ्या झाल्यापासून ती त्यांना घरीसुद्धा 'मोठी आई' म्हणत नसे, बाईच म्हणायची.

दोघींनी पाय जुळवले, हातांची फुली करून एकमेकींचे हात धरले आणि मागे रेलून फुगडी धरली. पोरं टाळ्या पिटायला लागली.

"बघा हं," बाईंना धाप लागली होती, "फिरताना आपण सरळ लांब जायला बघतो. हे हात आत ओढून धरतात, म्हणून आपण गोल फिरतो."

"आणि एकीनं हात सोडला तर?" एकानं विचारलं.

"दोघी पडणार, दोन बाजूंना!" जुईच ओरडली. मग नुसतं बाईंनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आई सांगते, मंगळागौरीला तुमची दोघींची फुगडी बघायला सगळी आळी जमायची."

कुंदा अजून हे सांगते? बाई तर गावभर तिच्या चुकाच सांगत फिरल्या होत्या.

पावलं मंदावली, थांबली. पोरं तांब्याकडे धावली.

"बाई, फुगडी संपली," जुई हळूच म्हणाली. "हात सोडा ना."