पाचवा ठोका

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत मी घरच्या जुन्या लेथवर वाफेचं छोटं इंजिन बनवलं. पितळी सिलिंडर, वीतभर बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. आठवडाभर उद्यमनगरच्या कारखान्यात राबायचं आणि सुट्टीदिवशी हा नाद.

इंजिन चाललं, पण लंगडत. चार ठोके नीट पडायचे, पाचव्याला अडायचं. व्हॉल्व्ह तीनदा खोलून पाहिला. कुठंच खोट सापडेना.

शेवटी दिवा विझवला, तेव्हा भिंतीपलीकडून अक्काचा श्वास ऐकू आला. ही माझी थोरली बहीण. मला तिनंच वाढवलं, आणि आता वर्षभर दम्यानं अंथरुणाला खिळली होती. चार श्वास नीट यायचे. पाचवा अडायचा.

मी व्हॉल्व्ह पुन्हा काढला, केसभर घासला आणि उरलंसुरलं स्पिरिट ओतून दिवा पुन्हा पेटवला. इंजिन सरळ पळायला लागलं.

"वसंता," पलीकडून अक्काचा खणखणीत आवाज आला, "छातीवरचा धोंडा उचलल्यागत वाटतंय की रं!"

आनंदानं मी उठलो आणि माझं बोट इंजिनच्या चाकाला लागलं. चाक थांबलं.

"आता उठून तुला गरम भाक..."

बोट काढलं. चाक फिरलं.

"...री करून घालते," अक्का म्हणाली. मध्ये काही झालंच नाही, अशा सुरात.

मी स्पिरिटची बाटली उलटी धरली. थेंबही पडला नाही.

मधलं दार बंद होतं. त्याच्याआडून अक्का हळूच म्हणाली, "वसंता, ज्योत बारीक झालीया बघ."