शेजारच्या कार्डावरचा छर्रा

मुलांनो, असं समजा की तुम्ही शीतलच्या जागी उभे आहात. हातात एअर रायफल आहे. समोर दहा मीटरवर कागदाचं कार्ड, त्यात काळं वर्तुळ, वर्तुळाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. एका कार्डावर पाच छर्रे झाडायचे. तुमचे पाचही झाडून झालेत. पंचांनी कार्ड उतरवून उजेडाकडं धरलंय आणि ते म्हणतात, "चारच छिद्रं आहेत."

जालन्याच्या त्या लांबट हॉलमध्ये विद्यापीठाच्या संघाची निवड चालली होती. एकच जागा उरली होती. पाचवा छर्रा धरला तर ती शीतलची. नाही धरला, तर शेजारच्या लेनमधल्या तृप्तीची.

मागं बसलेला ऋषी हळूच म्हणाला, "घराणंच शेजारच्या कार्डावर मारणारं. ती तरी काय करंल?"

"गप रे," तृप्ती म्हणाली. "माझ्या कार्डावर पाचच हायेत."

शीतलनं ऐकलं. असलं ऐकायची तिला सवय होती.

बावीस वर्षांपूर्वी अशाच एका निवडीत तिचे वडील राधेश्याम उभे होते. त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये भुजंग होता. शेवटची कार्डं उतरवली तेव्हा राधेश्यामच्या कार्डावर चार छिद्रं होती आणि भुजंगच्या कार्डावर सहा. पंचांना फार विचार करावा लागला नाही. शेजारच्या कार्डावर मारणाऱ्याला त्या छर्र्याचे गुण नाहीत. ज्याच्या कार्डावर सहा, त्याचे सगळ्यात चांगले पाच धरायचे. नियमच तसा होता.

भुजंग राज्याच्या संघात गेला. तीनदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, एक पदक आणलं. त्या पदकावर कॉलेजात नोकरी लागली आणि तो भुजंग सर झाला. राधेश्याम मंठ्याला परत गेला. गावानं त्याचं नावच 'शेजारी' पाडलं. मोटारींचं वायंडिंग करायच्या त्याच्या दुकानालाही लोक शेजाऱ्याचं दुकान म्हणू लागले.

सरांनी सहा वेळा कॉलेजला विद्यापीठाची ढाल आणून दिली. सत्काराच्या शाली त्यांच्या कपाटात घडीसुद्धा न मोडता पडून होत्या. संघ जिंकला की मुलं नाचत. सर चहा पिऊन येत आणि रायफली पुसायला बसत. शिकवताना मात्र त्यांचा कंटाळा कुणी पाहिला नाही. प्रत्येक मुलापुढं ते स्वतः बाटलीच्या झाकणात पाच छर्रे ठेवत, दोनदा मोजत. सहावा कुणालाही हाताशी ठेवू देत नसत.

दोन वर्षांपूर्वी राधेश्यामची मुलगी अकरावीला कॉलेजात आलीय हे कळल्यावर सर स्वतः मंठ्याला गेले. राधेश्याम मोटार उघडून बसला होता.

"पोरीला माझ्याकडं दे. तिचा हात स्थिर हाय."

"घेऊन जा." राधेश्यामनं मान वर केली नाही. "फक्त माझ्यासारखं नको करू देऊ. मला अजून कळत न्हाई बघ, मी कसा काय तुझ्या कार्डावर मारला. पण मारलाच असंल."

सर दारातच चपला घालू लागले. "आधी कार्डाचा नंबर बघून मंग झाडायला शिकवतो," ते म्हणाले आणि बस धरून परत आले.

शीतल दोन वर्षं नंबर बघूनच झाडत आली होती. आजही तिनं पाचही वेळा नंबर बघितला होता.

"सर, मी बराबर माझ्याच कार्डावर मारलाय," ती म्हणाली. "एकाच छिद्रातून दोन गेले असतील."

सर टेबलापाशी गेले. पंच काकासाहेब बावीस वर्षांपूर्वीही पंच होते. आता त्यांना दोन चष्मे लागत.

"काकासाहेब, ते मधलं छिद्र परत बघा. दोन हायेत त्यात."

"काठ गोल हाय. फाटलेला न्हाई."

"कधी कधी फाटत न्हाई."

"भुजंगराव, तुम्हीच हे सांगून राह्यले का?" काकासाहेबांनी चष्मा काढला. "त्या दिवशी हिचा बाप बिलकुल हेच म्हणत होता. एका छिद्रातून दोन गेले म्हणून रडला माझ्यासमोर. मंग तुमच्या कार्डावर सहा निघाले. तेव्हापासून मी जे दिसतं तेच मोजतो. बापाला एक नियम अन् पोरीला दुसरा, असं करू का?"

"न्हाई."

"मंग शून्य लिहू?"

काकासाहेबांनी तक्त्यावर शून्य लिहिलं. शीतल रायफल पिशवीत भरायला लागली. तिनं चेन अर्ध्यापर्यंत लावली होती.

"थांबा," सर म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, हजेरी घेताना असतो तसा. "राधेश्यामचा पाचवा त्याच्याच कार्डात होता. त्याच्या एका छिद्रातून दोन गेल्ते. माझ्या कार्डावरचे सहाही मीच मारले. मोजायला चुकलो. तुम्ही मला विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

काकासाहेबांनी दुसरा चष्मा लावला. कार्ड खिडकीपाशी नेलं, भिंग धरलं, बराच वेळ पाहिलं. मग येऊन शून्यावर रेघ मारली आणि दहा लिहिले. शीतलनं तक्त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं मोबाइल काढून पप्पांना लावला आणि पलीकडून "काय झालं गं?" ऐकू आल्यावर तो सरांच्या कानाला धरला.