पुढचे चार दात

"पुढचे चार. वरचे." बीबीसोरोने रुमालाची गाठ सोडली आणि झारच्या काळातलं सोन्याचं नाणं डॉक्टरच्या टेबलावर आपटलं. "वितळवा आणि बसवा. दहा दिवसांवर लग्न आलंय."

खुर्चीत अंझुरात बसली होती. वय अठरा. बीबीसोरो तिची सख्खी मावशी, आणि आता होणारी सासू.

डॉक्टर सफरमोहने आरसा घालून पोरीचं तोंड तपासलं. एकही दात किडलेला नव्हता. अख्ख्या जिल्ह्यात असं तोंड वर्षातून एकदा बघायला मिळायचं. तिने आरसा ट्रेमध्ये टाकला.

"हिला काहीही झालेलं नाही."

"झालंय असं कोण म्हणतंय? सोनं घालायचंय. शेजारची सून सहा दात सोन्याचे घेऊन आली. माझी सून काय पांढऱ्या तोंडाने उंबरा ओलांडणार? लोक म्हणतील, यांच्या घरात पीठ तरी आहे का!"

"सोनं नुसतं वरून चिकटत नाही, बीबीसोरो. आधी चांगला दात चहूबाजूंनी घासून त्याचा खुंट करावा लागतो."

"मग घासा की. एवढं काय! नखं कापली तर वाढत नाहीत का?"

सफरमोहचं टाळकं फिरलं. या गावात सव्वीस वर्षं ती हेच ऐकत आली होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"नाही वाढत! ही पाळण्यात बांधलेली होती ना, आईच्या अंगावर पीत होती, तेव्हापासून हिच्या हिरडीच्या आत हे कवच घडत होतं. चांगली चार-पाच वर्षांची होईपर्यंत. ते घडवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्यांचं तेवढंच काम. दात हिरडीतून वर आला की त्या मरून जातात. सगळ्या! कशिदा उसवला तर दुसरी बाई टाका घालते. इथे टाका घालायला कुणी उरलेलंच नसतं. आणि कवचाच्या आत जिवंत नस आहे. या वयात ती चांगली रुंद असते. मशीन तिच्यापर्यंत पोचलं तर दात आतून मरतो."

"मला चार घातलेत. मी मेले का?"

"कुरूत चावता येतो तुला?"

मिठातल्या दह्याचे ते वाळवलेले खडे बीबीसोरोच्या घरी छपरावर पसरलेले असायचे. सगळं गाव खायचं. ती वाटून, पाण्यात कालवून प्यायची.

"सफरचंद? कडक भाकरी? चहात बुडवून बुडवून खातेस तू. गेल्या वर्षी ओठ सुजवून आलीस, तेव्हा त्या सोन्याखालून काय वाहत होतं, ते मी बघितलंय."

"आणि घासले कुणी?" बीबीसोरो एकदम ओरडली. आतापर्यंतचं अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. "सांग ना! माझे कुणी घासले?"

अंझुरातने मान वळवून डॉक्टरकडे पाहिलं.

"मी," सफरमोह म्हणाली. "याच खुर्चीत. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि रडत होतीस. तुझी सासू तिथेच उभी होती, जिथे आता तू उभी आहेस."

"तेव्हा ठाऊक नव्हतं का तुला, त्या पेशी का फेशी मरतात म्हणून?"

"ठाऊक होतं. नुकतीच शिकून आले होते. तुझ्या सासूला घाबरले."

"ठाऊक होतं!" बीबीसोरोचा आवाज चिरकला. तिने हाताच्या एका फटक्यात ट्रे खाली पाडला. आरसा, चिमटे, सगळं फरशीवर खणखणलं. "ठाऊक असून घासलेस माझे दात? आणि आज हिची दया येते? माझी कुणाला आली होती?"

"कुणालाच नाही," सफरमोह तितक्याच रागाने म्हणाली. "मलासुद्धा नाही. म्हणून हिचे घासणार नाही. काय करायचं ते कर."

"नको घासूस! बाजारात करणारे ढिगाने पडलेत. तासाभरात करून देतात." बीबीसोरोने नाणं उचललं आणि रुमालात बांधायला घेतलं. गाठ बसेना.

तेवढ्यात कट्कन आवाज झाला.

दोघींनी वळून पाहिलं. अंझुरातच्या हातात कुरूतचा खडा होता. अर्धा तिच्या तोंडात गेला होता.

"भूक लागली, मावशी," ती घाबरून म्हणाली. "तूच म्हणालीस, उपाशीपोटी चल. खिशात एवढाच होता."

उरलेल्या अर्ध्यावर चार दातांची खूण उमटली होती. सरळ, स्वच्छ.

बीबीसोरो त्या खुणेकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने तो खडा पोरीच्या हातातून हिसकावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावला नाही. गालात धरून ठेवला. तिचे डोळे भरून आले, त्याचाही तिला रागच आला.

"अजून बसलीस काय?" ती भरल्या तोंडाने पोरीवर खेकसली. "ऊठ त्या खुर्चीतून. घरी चल."