बत्तीस सरळ दात

बाबा घड्याळं दुरुस्त करतात आणि फोटोत कधी हसत नाहीत. म्हणून मी त्यांचा गंभीर फोटो एआयला दिला आणि त्यांना गायला, डोळे मिचकावायला, खदाखदा हसायला लावलं. नेटवर टाकलेला तो व्हिडिओ दोन दिवसांत हजारोंनी पाहिला. बाबांना बघायला लोक चालू घड्याळंसुद्धा घेऊन दुकानात यायला लागले. बाबांना कळलं तर माझी धडगत नव्हती. शेवटी एका गिऱ्हाइकाने दाखवलाच. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, व्हिडिओ तीनदा पाहिला आणि घड्याळाला पट्टा लावणाऱ्या आईपुढे फोन धरला. “हा कोण बाई?” आई म्हणाली. “इतके सरळ दात! मी ज्याला होकार दिला, त्याचा पुढचा दात अर्धा होता. तो बघूनच तर भुलले.” बाबांचा हात सवयीने तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला. “नवा फोटो काढ,” मला म्हणाले आणि अर्धा दात दाखवून हसले.