निळे बोंडू

गिऱ्हाईकाची नजर भरल्याशिवाय डिझाइन छापायला घ्यायचं नाही, हा आता सगळ्या छापखान्यांचा नियम होता. म्हणून शाल्मलीने लॅपटॉपवर ‘परनजर’ ही वेबसाइट उघडली आणि बाबांना समोर बसवलं. तिने डिझाइन केलेलं काजूगराचं पाकीट त्यांच्याच बागेसाठी होतं. बाबा दोन मिनिटं कॅमेऱ्यात बघत राहिले, आणि पडद्यावरचं चित्र त्यांच्या डोळ्यांना दिसतं तसं झालं.

चित्रातल्या झाडावरचे लाल बोंडू, काजूची ती रसाळ फळं, मळकट पानांत विरून गेले.

“बिघडलं वाटतं,” शाल्मली म्हणाली.

“काय बिघडलं? होतं तसंच तर आहे,” बाबा म्हणाले.

तिने आईची नजर भरली. बोंडू लगेच परत आले, लालभडक.

आई पडद्यावरून नजर काढून बाबांकडे बघू लागली. वेंगुर्ल्याच्या बागेत तीस वर्षं बाबा फक्त पिवळे बोंडू काढत, आणि मागून लाल काढताना ती त्यांना कामचुकार म्हणे.

“अहो, तुम्हाला दिसतच नव्हते?”

“मला वाटायचं, तुझीच नजर तेज. कुठून कुठून शोधून काढतेस!”

शाल्मलीने झटकन सगळे लाल बोंडू निळे केले. बाबा खुर्चीतून उठले, पडद्यावर बोट ठेवून मोजू लागले आणि मध्येच थांबून आईकडे वळले.

“एवढे तू रोज एकटीने काढायचीस?”

“आणि वर तुम्हाला बोलायचेही,” आई हसत म्हणाली. मग तिने शाल्मलीला बजावलं, “पाकिटावर निळेच राहू देत.”