डॉल्फिनचा कैवारी
यांगत्से नदीतला पांढरा डॉल्फिन संपला, तेव्हा आमच्या गावाने त्याचं संग्रहालय बांधलं. उद्घाटनाला म्हातारा कोळी शू गेनफा ‘डॉल्फिनचा कैवारी’ अशी लाल फीत छातीवर लावून माइकसमोर उभा राहिला. “माझ्या गळाला अडकलेला प्रत्येक डॉल्फिन मी हातांनी उचलून पाण्यात सोडला,” तो म्हणाला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्याची बायको सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. तिने टरफल थुंकलं. “म्हाताऱ्या, चव कशी होती तेही सांग की.” “गप्प बस,” तो पुटपुटला, पण ते माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं. “का गप्प बसू? चरबी मीच कढवायचे. केसांतला वास जात नसे.” गेनफाने फीत उतरवली. “तेलकट होती,” तो म्हणाला. “दुष्काळात भुकेने खाल्ला. पुढे भूक नव्हती, तेव्हा विकला. घेणारे समोरच बसलेत.” संग्रहालयाच्या संचालकांनी घाईघाईने बँड वाजवायला लावला.