लगेच उत्तर

उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या सरकारी केंद्रात ताईंनी पालकांना एकच नियम घालून दिला होता. मूल एक शब्द जरी बोललं, तरी हातातलं काम टाकून त्याला लगेच उत्तर द्यायचं. तेव्हा आपण गप्प बसलो, तर ते पुन्हा तोंड उघडायचं नाही.

यंदाच्या अंदाजपत्रकात मुलांच्या सेवांना कात्री लागली आणि केंद्राचा निधीच बंद झाला. ताईंनी खात्याच्या साहेबांना फोन करून पाहिला.

"अहो, माझ्या हातात काय आहे?" साहेब म्हणाले. "वरचे विचारतात, वर्षभरात बोललं कोण?"

शेवटच्या दिवशी ताई खेळणी खोक्यात भरत होत्या. मुंगी आईचं बोट धरून निघाली होती. सगळे तिला मुंगीच म्हणत, कारण मुंगीसारखाच तिचाही आवाज कुणी ऐकला नव्हता; इथे आल्यापासून तिने चकार शब्द काढला नव्हता. दारातून ती मागे वळली, खोक्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, उद्या बाहुली?"

ताई बाहुली हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.



"ताई, लवकर काहीतरी बोला ना," आई कळवळून म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."